लिंबाखालचं गोणपाट

बाजारात शेपू आला की मला राग येतो. भाजीचा यात काही दोष नाही. पौषातली थंडी पडते, मंडईत दवानं भिजलेल्या जुड्यांचे ढीग लागतात, तो उग्र हिरवा वास रस्त्यापर्यंत येतो आणि माणसं नाकं मुरडतात. माझ्या मात्र मुठी आवळल्या जातात. या वयात डॉक्टरांनी मला राग वर्ज्य सांगितला आहे. मीठ सोडलं, साखर सोडली, राग सुटत नाही.

यंदा शेपू आला त्याच आठवड्यात रावजीपेठेहून दोन तरुण माझ्या घरी आले. एकाचे वडील माझ्या वर्गात शिकलेले. वाकून नमस्कार केला, सतरंजीवर बसले.

"बाई, आपल्या पेठेच्या बाजाराचा वर्धापनदिन करतोय. संस्थापकांचा पुतळा बसवतोय. तुम्ही गावच्या पहिल्या पदवीधर. दोन शब्द बोलायला हवं."

"संस्थापक कोण?"

ते एकमेकांकडे बघून हसले. म्हातारीला विसर पडला असं त्यांना वाटलं असावं. "रावजीशेट, बाई. गावाला नावच त्यांचं आहे."

"पुतळा उभा आहे की बसलेला?"

"बसलेला. लोडाला टेकून. पूर्वी मोठा लिंब होता ना, त्याच जागी. शेट तिथंच बसायचे म्हणे."

"बसायचे. खाली काय दाखवलंय?"

"खाली म्हणजे?"

"बुडाखाली."

"चौरंग आहे बाई. संगमरवरी."

मी त्यांना चहा दिला. त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता, त्यांना जे शिकवलं गेलं ते त्यांनी सांगितलं. पण त्यांना जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. रावजीशेट त्या लिंबाखाली पहिल्यांदा बसला तो चौरंगावर नाही. तो माझ्या आईच्या गोणपाटावर बसला.

ते गाव वसलं तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. घासलेट मिळत नव्हतं, जाडंभरडं कापडही मिळत नव्हतं. आमची माणसं जामखेडकडच्या कोरड्या भागातून ऊसतोडीला म्हणून वर आली आणि परत गेलीच नाहीत. परतून करायचं काय? तिकडे विहिरींच्या तळाला कुत्री झोपत. इकडे कालवा होता, ऊस होता, कारखान्याची चिमणी होती. कारखान्यापासून बाजूला, कालव्याच्या वरच्या अंगाला एक मोठा माळ पडलेला. पाणी त्याच्यावर चढत नव्हतं म्हणून तो कोणालाच नको होता. कुसळी गवत, खडक आणि मधोमध एकच लिंब. सरळ, एकटा, दोन कोसांवरून दिसणारा. आम्ही त्याला लिंबाचा माळ म्हणायचो. पाचटाच्या कोप्या घातल्या आणि राहिलो. गावाची स्थापना म्हणतात ती एवढीच. नारळ फुटला नाही, पाटी लागली नाही. एका बाईनं तीन दगड मांडून चूल पेटवली, दुसरीनं तिच्यातला विस्तव नेला.

आमचं घर ख्रिस्ती. आजोबांच्या वेळेपासून. शेजारच्या शेवंतामावशीचं घर ख्रिस्ती झालेलं नव्हतं. ती म्हणायची, "तुजा येशू आन् माजी मरीआई, दोगं बी तालुक्याच्या बाजारात संगंच लांब हुबं ऱ्हात्यात." खरं होतं ते. तालुक्याच्या बाजारात आमच्या बायकांना भाजी हातात मिळत नसे. पदर पसरून उभं राहायचं आणि विकणारी वरून टाकायची. मिरच्या पदराबाहेर पडायच्या, त्या वाकून मातीतून वेचायच्या. पैसेही तिला आमच्या हातून घेतलेले चालत नसत, ते जमिनीवर ठेवायचे. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात मी शिकत होते आणि नाताळच्या सुटीत घरी यायची. एका सुटीत आईबरोबर त्या बाजारात गेले. परतीच्या वाटेवर आई कालव्याच्या पुलावर थांबली आणि पदरातल्या वांग्यांकडे बघत म्हणाली, "आपलाच बाजार आसला तर?"

तो प्रश्न म्हणजे रावजीपेठेचा पाया. माझ्या आईचं नाव सारूबाई. कुठल्याही दगडावर ते कोरलेलं नाही.

बाजार भरवायचा म्हणजे काय करायचं, हे आमच्यात याकोबमामाला ठाऊक. तो नात्यानं मामा नव्हता, वस्तीतला सगळ्यात जुना माणूस, कालव्याच्या कामावर दगड फोडून पाठ वाकलेला आणि जीभ मात्र सरळ. तो म्हणाला, "बाजार हे लगीन हाय. आवतनाबिगर पावना येत न्हाई." मग त्यानं खरंच लग्नासारखं केलं. मुंडासं बांधलं, कनवटीला सुपाऱ्या लावल्या आणि आसपासच्या गावांत मळ्यामळ्यांतून, कुंभाराकडे, तेल्याकडे, बांगडीवाल्याकडे जाऊन एकेक सुपारी ठेवून आला. शनिवारी लिंबाच्या माळावर यावं. लोक हसले. माळावर काय कुसळं विकायची? माल खपला नाही तर? याकोबमामानं आमच्या सगळ्यांच्या वतीनं शब्द दिला : "पाटी भरलेली परत जानार न्हाई. उरंल त्ये आमी घिऊ."

त्या शब्दावर ते गाव उभं आहे. आजही. कोणाला हवं असेल तर पुतळ्याखाली तेवढं एक वाक्य लिहा.

त्या साली लढाईच्या टंचाईनं बोर्डिंग बंद होतं, म्हणून मी हिवाळाभर घरीच होते. पहिल्या शनिवारी पहाटेपासून बायकांनी माळ झाडला. तुरीच्या फांट्यांचे खराटे. कुसळं हातांत घुसत होती. शेणाचा सडा टाकला, शेवंतामावशीनं रांगोळीची चार बोटं ओढली. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघे. कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. सगळी वस्ती रस्त्याकडे डोळे लावून उभी. उन्हं वर आली तरी कोणी दिसेना. "नवरदेव रुसला वाटतं," शेवंतामावशी म्हणाली. मग लांबवर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई दिसली. चिमामाळीण, कालव्याखालच्या मळ्यातली. तिच्यामागे कुंभाराचं गाढव, त्यामागे दोघं-तिघं.

आईनं चिमामाळिणीची पाटी उतरवायला हात लावला. त्या वेळी चिमा क्षणभर ताठरली ते मी पाहिलं. पण पाटी जड होती आणि मान दुखत होती. लिंबाच्या सावलीला आईनं तिला जागा दिली. आईनं पहिली जुडी मागितली. चिमाचा हात सवयीनं वर गेला, खालच्या पदराच्या वर, टाकायला. आईनं पदर पसरला नव्हता. तिनं हाताची ओंजळ पुढे केली होती. चिमाचा हात हवेतच थांबला. मग हळूच खाली आला आणि जुडी आईच्या ओंजळीत ठेवली गेली.  शेवंतामावशीनं नाकाला पदर लावला आणि तोंड फिरवलं. तिला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

ती जुडी शेपूची होती. संध्याकाळी चिमाच्या पाटीत उरला तो शेपूच, आणि दिलेला शब्द आम्ही पाळला. आमच्या कोरड्या मुलखात शेपू कोणी खात नसे. कसा करायचा तेही ठाऊक नव्हतं. पुढच्या शनिवारीही शेपूच उरला. त्याच्या पुढच्याही. उरलेलं ही माणसं घेतातच, हे एकदा कळल्यावर पाट्यांत उरण्याजोगाच माल येऊ लागला : जून शेपू, किडकी वांगी, तडकलेली गाडगी. आमची चूक म्हणाल तर ही. आम्हाला वाटलं, शब्द दिला की समोरच्यालाही त्याची लाज असते.

तो सगळा हिवाळा आम्ही शेपू खाल्ला. मुगाच्या डाळीत शेपू, बाजरीच्या पिठात शेपू, कोरड्या चटणीत शेपू. पोरं भाकरी फोडून आत बघायची, हिरवं दिसलं की भोकाड पसरायची. नाताळाला बायका करंज्या करायला बसल्या तेव्हा याकोबमामा बाहेरून ओरडला, "सारन काय घालनार गं?"

"तुजा शब्द!" शेवंतामावशी आतून ओरडली. "हिरवागार हाय अजून. माज्या तर घामालाबी शेपूचा वास सुटलाय. नवरा जवळ येत न्हाई. बाजाराचे उपकारच म्हनायचे."

तिचा नवरासुद्धा हसला.

आईनं त्या हिवाळ्यात एक गोणपाट धुऊन, कडा शिवून ठेवलं होतं. चांगलं जाड, अख्खं, लढाईच्या दिवसांत मिळणं मुश्कील. तिच्या मनात एक गोष्ट होती आणि ती तिनं फक्त मला सांगितली. बाजाराला पाय फुटले की तीही बसणार होती. लिंबाखाली, चिमाच्या शेजारी. भाकरी आणि पिठलं घेऊन. बाजारकऱ्यांना दुपारी भूक लागतेच. मग कोयता सुटेल. ऊस तोडून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांत ती मेण भरायची. "बस मग पुढच्या शनवारी," मी म्हणाले. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बोर्डिंगात जाऊन रीतभात विसरले.

"आगं, पंगत आपल्या दारात हाय. पावन्याचं जेवान व्हायच्या आदी घरची बाई पानावर बसती व्हय?"

आमच्या वस्तीतली एकही बाई म्हणूनच त्या बाजारात विकायला बसली नाही. पंगत वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं. सगळ्यांना आधी बसू दे, त्यांची घडी बसू दे. माझ्या माणसांच्या ठायी इतकं सौजन्य कुठून आलं होतं, मला सांगता येत नाही. ज्यांना जगानं कधी पाट मांडला नाही, ती माणसं यजमान झाली आणि यजमानपण त्यांच्या अंगात भिनलं.

रावजीशेट आला तो हिवाळा सरताना. तालुक्याचा आडतवाला. बाजरी घ्यायला छकड्यातून उतरला, इकडे-तिकडे बघितलं. सगळीकडे फुफाटा. उभाच राहिला बिचारा, पांढऱ्या धोतराचा सोगा हातात धरून. आईनं पाहिलं. पाहुणा उभा होता. ती धावत कोपीत गेली आणि ते गोणपाट आणून लिंबाखाली अंथरलं. तांब्याभर पाणीही आणलं. शेट पाणी प्याला नाही. गोणपाटावर मात्र बसला.

मला पुष्कळ वर्षं या एका गोष्टीवर विचार करावा लागला आहे. पाणी विटाळतं, गोणपाट विटाळत नाही. कारण पाणी प्यालं तर देणाऱ्याशी नातं जुळतं. बसायला नातं लागत नाही, फक्त जागा लागते.

तो दर शनिवारी येऊ लागला. आई दर शनिवारी अंथरायची आणि संध्याकाळी झटकून घरी न्यायची. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा घरी आले तेव्हा लढाई संपलेली होती आणि बाजार ओळखू येत नव्हता. कापडवाले, गूळवाले, बैलांच्या दावणी. शेपू उरत नव्हता. आईच्या चेहऱ्यावर मी त्याआधी किंवा नंतर तसं समाधान पाहिलं नाही. "आवंदा," ती म्हणाली. "सक्रात झाली की बसनार." तवा घेतला होता. नवा, तोही आपल्याच बाजारातून.

संक्रांतीच्या आधी मोजणी आली.

माळावर बाजार भरतो, वस्ती वाढते, तेव्हा गावठाण आखायचं ठरलं होतं. कोणाच्या खटपटीनं, ते आम्हाला नंतर कळलं. साखळी घेतलेली दोन माणसं, चुन्याची पाटी, खुंट्या आणि टोपीवाले मोजणीचे साहेब. रावजीशेट त्यांच्या बरोबरीनं चालत होता. साहेब माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. चढ्या आवाजात बोलला नाही. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की इथं कोणाची वहिवाट काय. ज्याची जिथं वहिवाट, त्याला तिथं जागा. चिमामाळिणीनं सांगितलं, मी इथं बसते. कुंभारानं सांगितलं. कापडवाल्यानं सांगितलं. चुन्याच्या रेघा पडत गेल्या. साहेब लिंबाखाली आला.

"इथं कोण बसतं?"

"आम्ही," रावजीशेट म्हणाला. "पहिल्यापासून. या बाईला विचारा ना."

साहेबानं आईकडे पाहिलं. "शेट इथंच बसतात?"

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढ्या मोठ्या माणसानं विचारलं याचा तिला अभिमानच वाटला असेल. "व्हय की साहेब. हितंच बसत्यात. म्याच गोनपाट टाकती त्यान्ला."

"बरं. आणि तुम्ही कुठं बसता?"

आई हसली. मला ते हसू आजही दिसतं. एखाद्या लहान मुलानं भाबडा प्रश्न विचारावा तसं हसली.

"म्या कशी बसन साहेब? बाजार आमचा हाय."

साहेबानं मान डोलावली आणि खूण करायला सांगितली. चुन्याची रेघ लिंबाभोवती फिरली.

मी पुढे झाले. ओरडले. म्हणाले, हिनं बाजार वसवला, ही झाडते, ही उरलेलं घेते, हिला विचारा आवतण कोणी दिलं. मला पुस्तकी भाषा येत होती, ती सगळी वापरली. साहेब शांतपणे म्हणाला, "मुलगी हुशार आहे. पण बाळ, बसत कोण होतं?" रावजीशेटनं कौतुकानं मान हलवली, "शिकव गं हिला सारूबाई, पुढं जाईल."

पुढे गेले मी. पदवी घेतली, शाळा चालवली. बोर्डिंगच्या बाईंनी मला पोटच्या पोरीसारखं शिकवलं आणि आईनं कोयता न सोडता मला शिकू दिलं, हे ऋण मी रोज मानते. पण त्या माणसाच्या तोंडून निघालेल्या त्या 'पुढं जाईल'ची मी त्याला कधी क्षमा केलेली नाही. माझ्या धर्मात क्षमेची मोठी शिकवण आहे. मी रविवारी देवळात गुडघे टेकून सगळ्यांसाठी प्रार्थना करते आणि त्याच्या नावावर आले की माझे ओठ मिटतात.

त्या रात्री वस्तीला उलगडा झाला. जो बसला त्याची जागा. जो पाहुणचारात उभा राहिला त्याची नाही. बाजाराची आखणी आमच्या कोप्यांवरून गेली होती, त्यासुद्धा हलवायच्या होत्या, ओढ्याच्या पलीकडे. याकोबमामा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आवतन मी दिलं हुतं. आवतन मी दिलं हुतं." आई भाकऱ्या थापत राहिली.

शनिवारी सकाळी तिनं झाडलोट केली नाही. गोणपाट उचललं, लिंबाखाली गेली, अंथरलं आणि स्वतः त्याच्यावर बसली. मांडी घालून, पाठ बुंध्याला लावून. जवळ पाटी नाही, भाकरी नाही, काहीच नाही. शेटचा माणूस आला.

"ए सारूबाई, उठ. शेट येतील."

"येऊ दे."

"काय विकायला बसलीस?"

"काय न्हाई."

"मग कशाला बसलीस?"

"माजं पावनं जेवलं," आई म्हणाली. "आता मी बसनार."

शेवंतामावशी आली आणि तिच्या शेजारी फुफाट्यातच बसली. "सरक गं जरा. दोन हिवाळं हुबी हाय, पाय मोडलं माजं." मग एकेक करून वस्तीतल्या सगळ्या बायका आल्या आणि बसल्या. चुन्याच्या रेघांवर, वाटांवर, मधोमध. बाजारकरी डोक्यावर पाट्या घेऊन उभे राहिले. रावजीशेट छकड्यातून उतरला आणि तोही उभा राहिला, सोगा हातात धरून, पहिल्या दिवसासारखा. या वेळी त्याला कोणी काही अंथरलं नाही. चिमामाळीण बराच वेळ आईकडे बघत होती. मग वळली आणि निघून गेली. त्या दिवशी लिंबाच्या माळावरून पाट्या पहिल्यांदा भरलेल्या परत गेल्या.

ही गोष्ट मी इथं संपवली तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. म्हणून संपवत नाही. पुढच्या शनिवारच्या आत आमच्या कोप्या ओढ्यापलीकडे होत्या. लाठीवाले आले होते. आणि पुढच्या शनिवारी बाजार भरला. आमच्याशिवाय, छान भरला. बाजाराला पाय फुटले होते, ते आम्हीच दिले होते. लिंबाखाली गादी आली, मग ओटा, मग माडी. माडीच्या पायासाठी लिंब पाडला. माडीही पुढे पडली आणि चौक झाला. लिंबाच्या माळाची रावजीपेठ कधी झाली ते कोणाला कळलंही नाही.

आई पुन्हा ऊसतोडीला गेली. बाजाराला जावंच लागे, मीठमिरची हवीच. पण त्या बाजारात ती त्यानंतर कधी बसली नाही. दम लागला तरी नाही. तिच्या म्हातारपणी मी म्हणायची, आई, त्या ओट्यावर टेक जरा. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहायची. "हितं बसले तर माजी जागा लिंबाखाली न्हवती आसं हुईल," म्हणायची. एवढी एक फिर्याद तिनं मरेपर्यंत उभ्यानं चालवली. मात्र त्या बाजारात जुडी तिच्या हातात ठेवली जायची, शेवटपर्यंत. तेवढं तिनं मिळवलं. तेवढंच तिला मिळालं.

काल ते तरुण पुन्हा आले. कार्यक्रमाची आखणी सांगत होते. हारतुरे, सनई, पाहुणे.

"बाई, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय. गादीची."

"खुर्ची नको," मी म्हणाले. "पुतळ्याच्या समोर हातभर जागा मोकळी ठेवा. बसायचं मी घरून आणतेय."

पेटीच्या तळाशी ते आहे. कडा अजून शाबूत आहेत. आईचे टाके पक्के होते.

"पण बाई," त्यातला धाकटा घुटमळला, "तुम्ही खाली बसणार, मग बोलायचं कसं? माईक उंच असतो."

"माईक खाली आणा."